दुसरं काडतूस

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

लातूरबाहेरच्या माळावर मुलामुलींसाठी नेमबाजीचा क्लब निघाला होता. हवेत भिरकावलेली मातीची तबकडी बंदुकीनं फोडायची. मी अहमदपूरची, मैत्रीण संगीता मुखेडची. वेड खरं तिला. मला फटाक्यांचीही भीती – मग मी का गेले? भित्री म्हणतील म्हणून.

बंदूक दुनळी, दोन काडतुसांची, आणि आम्हा नवशिक्यांत मिळून एकच. दुसऱ्याच्या हाती देताना ती मधोमध उघडून रिकाम्या नळ्या दाखवायच्या, हा तिथला पहिला नियम. घेणाऱ्यानं आधी रिकाम्याच बंदुकीचा घोडा दाबून हात बसवायचा.

माझी पाळी आली. पहिला बार उडाला आणि खांद्याला असा दणका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. तबकडी शाबूत निघून गेली. दुसरा बार – नाही, माझ्याच्यानं झालाच नाही. आम्हाला शिकवणारे सर फोनवर होते. बंदूक उघडली तर न उडालेलं काडतूस सगळ्यांना दिसणार. हसतील? हसतीलच. मी ती बंदच संगीताच्या हातात दिली.

"खाली हाय न गं? रिकामी?" तिनं विचारलं.

"हाव."

समोरच्या पत्र्याच्या खोपीत यंत्रावर तबकड्या लावणारे रज्जाकचाचा बसलेले. संगीतानं हात बसवायला घोडा दाबला आणि बार त्या पत्र्यावर जाऊन आदळला. मग काहीच हललं नाही. चाचा दोन्ही कान दाबून बाहेर आले आणि मटकन खाली बसले. त्यांना लागलं नव्हतं. पण ते बाहेर येईपर्यंतची ती भीती – ती माझ्या अंगातून अजून गेलेली नाही.

"काडतूस कुणी ठेवलं आत?" सर ओरडले.

संगीता माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "मी खाली करूनच दिली, सर. हिनंच भरलं असंल."

"मी न्हाई भरलं," ती म्हणाली. पण बंदूक तिच्या हातात होती. तिचं नाव त्याच दिवशी क्लबातून काढून टाकलं. एसटी स्टँडपर्यंत मी तिच्यासोबत गेले, तिची पिशवीसुद्धा धरली.

घाबरून विसरले, असं मी स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. दुसरं काडतूस आत आहे हे मला ठाऊक होतं. ती घोडा दाबणार, हेही.