नऊ बशांचं जेवण

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यानं मला कामासाठी फ्रान्सला पाठवलं होतं. परतायच्या दिवशी हौसेनं एका नावाजलेल्या हॉटेलात दुपारी जेवायला गेलो. तिथं घासाघासाचे नऊ पदार्थ एकामागून एक येतात आणि जेवण तीन तास चालतं. शेजारच्या टेबलावर साठीच्या एक बाई एकट्याच बसल्या होत्या. सुती साडी, वर स्वेटर. बशी आली की ती जवळ ओढून नीट निरखायच्या आणि मगच चमचा उचलायच्या.

सहाव्या बशीला त्यांचा फोन वाजला. "अजून तीन राहिलेत. तू थांब," एवढंच मराठीत बोलून त्यांनी तो पालथा ठेवला.

मी ओळख काढली. त्या आमच्याच शहरातल्या, उस्मानपुऱ्याच्या निघाल्या, इथं मुलाकडं आलेल्या.

"दुष्काळात आमच्याकडं टँकर नेमका जेवणाच्या वेळेला यायचा," त्या म्हणाल्या. "घास टाकून हंडे घेऊन पळायचं. पुढं नळ आले, पण माझी सवय गेली नाही. कुणीही हाक मारली की मी ताटावरून उठतेच. आज ठरवून आलेय, उठायचं नाही."

आठव्या बशीला मुलगाच आत आला. "आई, गाडी भलत्याच जागी लावलीये. चल ना."

बाईंनी शेजारची खुर्ची पुढं केली. "बस."

तो बसला. नववी बशी आली आणि त्या सावकाश जेवू लागल्या.

माझ्या आईला असं शेवटपर्यंत जेवताना मी कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.