साठ, सत्तर आणि ताई

आमची ताई एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर. तिचा बोर्ड बंद होणार म्हटल्यावर साहेबांनी फर्मान काढलं: कॉम्प्युटर नेटवर्कची परीक्षा द्या. नापास होईल त्याची बदली दूरच्या गोदामात, पास होईल त्याने हवी ती जागा मागून घ्यावी. आई अंथरुणाला खिळलेली आणि ती ताईकडे. ताईची बदली झाली की आई माझ्या घरी येणार, हे उघड होतं. म्हणून मी शिकवायला बसलो. भावाची माया वगैरे काही नाही.

गाडी अडली ती सबनेटवर, म्हणजे नेटवर्कमधल्या गटांवर.

"हे बघ, यंत्रांना शून्य ते दोनशे पंचावन्न असे नंबर. मास्क नावाचा एक आकडा असतो, तो सांगतो, त्यांचे चौसष्ट-चौसष्टचे चार गट करा. गटातली यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात. दुसऱ्या गटाशी बोलायचं तर मध्ये राउटर लागतो. आता सांग, साठ आणि सत्तर थेट बोलतील?"

"बोलतील की. शेजारीच तर आहेत."

"नाही. साठ पहिल्या गटात, सत्तर दुसऱ्या."

"आणि सत्तर नि एकशेवीस?"

"ते एकाच गटात."

हे कारस्थान मीच रचलंय अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "पन्नास नंबर लांबचा तो घरातला, आणि दहा नंबरांवरचा परका? कुठल्या शहाण्याने ठरवलं हे?"

जन्मभर तिने फोन नंबरचा पहिला आकडा बघून विभाग ओळखला होता. दोनने सुरू झाला की स्टोअर, तीनने झाला की हिशेबखातं. ते डोक्यातून जाता जाईना. मी चौकटी काढल्या, ओरडलो, हात जोडले. गटातला पहिला आणि शेवटचा नंबर कुठल्याच यंत्राला द्यायचा नाही म्हटलं, तर म्हणे, "का? त्यांनी काय घोडं मारलंय?" पहिला गटाची ओळख म्हणून राखलेला, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला, हे सांगून माझा घसा बसला. त्यात दर थोड्या वेळाने ती आईला औषध द्यायला उठणार. परत आली की पाटी कोरी.

एका संध्याकाळी आईची कूस बदलता बदलता ती म्हणाली, "म्हणजे जवळ-लांब असं काही नसतंच. रेघ कुठे मारलीय तेवढं बघायचं. रेघेच्या आत जो आहे, त्याच्याकडे सगळं थेट येणार. पलीकडच्याला कुणी थेट हाक मारत नाही."

"तेच तर महिनाभर बोंबलतोय मी," मी म्हणालो.

ताई पहिली आली. सुटलो एकदाचा, म्हणत मी तिच्याकडे गेलो, तर ती कपड्यांच्या घड्या बॅगेत भरत होती.

"गोदामातली जागा मागून घेतली," ती म्हणाली. "तिथलं सगळं नेटवर्क नव्याने उभं करायचंय."

"अगं, ती नापास झालेल्यांची जागा."

"मला तीच हवी होती. आईचं आता तू बघ."

माझं डोकं सणकलं. "निदान आईला तरी विचारायचंस."

"विचारलं ना. ती म्हणाली, एवढी वर्षं कशाला थांबलीस?"