हिराबायच्या मांडवात न्यायचं यंत्र

विमलताईंचे भाऊ दारात आले तेव्हा मी ताईंच्या नव्या टेप रेकॉर्डरची इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत उतरवत होते. वाटलं, कागद न्यायला आले असतील. ते म्हणाले, सकाळी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता विमल कोसळली… डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी म्हटलं, अजून थोडी पानं राहिली आहेत. असं का म्हटलं, आजही कळत नाही.

विमलताई नौपाड्यात आमच्या शेजारी राहायच्या, शाळेत शिकवायच्या. कोपर गावची हिराबाय ही म्हातारी धवलारीण, म्हणजे आगरी लग्नांत विधींची गाणी म्हणणारी बाई. तिचे धवले तिच्याबरोबर जाऊ नयेत, हा विमलताईंचा ध्यास. हिराबाय सारखी खोकायची. ही लग्नसराई तरी ती पाहील ना, एवढीच आम्हाला धास्ती. विमलताईंना कसं वाटतंय, हे कधी कुणी विचारलंच नाही. आपल्या घरी वीज आहे म्हणून त्यांनी तिला गायला बोलावलं, तर ती म्हणाली, "लगनाबिगर धवला? नवऱ्याबिगर हलद लावतील का गो?" म्हणजे यंत्रच मांडवात न्यायला हवं, आणि त्या मांडवात वीज नव्हती.

रेडिओच्या दुकानदाराने दोन यंत्रं मागवली होती. विजेवरच्या मोठ्या यंत्राचा आवाज इतका भरदार, की एरवी गप्प राहणारी मी, हेच घ्या म्हणाले. दुसरं बॅटरीचं, त्याची चाकं फिरायला किल्ली द्यावी लागे, आवाज जरा किरटा. ताईंनी ते उचललं आणि तडक बाहेर, भर वाऱ्यात, टांग्यांपाशी जाऊन चालू केलं. दुकानदार हसून म्हणाला, घोड्याचं गाणं घेताय का, बाई? परत येऊन त्यांनी फीत ऐकवली. घोड्याचं फुरफुरणं, टांगेवाल्याची शिवीसुद्धा स्वच्छ. "अगं, तुझा चांगला आवाज दुकानातच राहील," त्या मला म्हणाल्या. "हिराबाय मांडवात गाणार आहे."

हिराबाय गाणार होती ते कोपरचं लग्न ठरल्या दिवशीच होतं. ताईंच्या भावांनी यंत्र माझ्या हातात दिलं. दुसऱ्या कुणाला ते उघडताही येत नव्हतं. गावात ताई गेल्याचं कुणाला कळलेलं नव्हतं. हिराबाय पाटावर बसलेली, समोर हळदीची वाटी, नवरी, भोवती बायका. तिने विचारलं, बाई कुठं हाय? हळदीच्या मांडवात मरणाचं नाव कसं काढायचं… मी म्हटलं, मागून येतायत. तिने शेजारच्या बाईला सरकायला लावलं, चटईवर जागा राखली आणि मगच सूर लावला. मी किल्ली देत राहिले.

ती फीत आता माझ्याकडे आहे. एक धवला संपतो, हिराबाय खोकते, बांगड्या वाजतात. मग ती विचारते, "आली का गो बाई?" आणि माझा आवाज, मलाच न ओळखू येणारा, म्हणतो, "येतायत."