दुसऱ्याची मिरवणूक

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात आईचा फोन आला. पेन्शनचं तिनं काहीच विचारलं नाही. तिला पाच सवाष्णींची काळजी लागली होती.

"वर्दी घालूनच ये," ती म्हणाली. "अन् दिवेलागनीच्या आत ये. पन तुले ओवाळाले पाच जनी कुठून आनू? सारी वस्ती कारखान्यावर गेली."

आमची वस्ती किन्हीराजाच्या बाजूला, हमरस्त्यापासून बरीच आत. दिवाळी झाली की ती ऊसतोडीला जाते आणि होळीला परत येते. मधल्या दिवसांत दारांना कुलपं. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कोंबड्या. नेमका मी त्याच दिवसांत परत येणार होतो. माझी बायको पोरांच्या परीक्षा उरकेपर्यंत तिकडेच, छावणीतल्या क्वार्टरमध्ये थांबली होती. वस्तीत सवाष्ण अशी एकच उरली होती आणि तिचेही बाळंतपणाचे दिवस भरत आले होते.

"मग तूच ओवाळ ना," मी म्हणालो.

"काई बी बोलून राह्यला!" म्हणत आईनं फोन ठेवून दिला.

बाबा गेल्यापासून तिनं आरतीचं ताट हातात धरलं नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा सगळे पुढे आणि ही मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून उभी. मी कितीदा भांडलो. फौजेत भल्याभल्यांना सरळ केलं, पण या बाईपुढे माझं कधी काही चाललं नाही. उसाच्या फडात कोयता चालवून तिनं मला शिकवलं. निवृत्त होऊन आलेल्या फौजींच्या मिरवणुका तिनं कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिल्या होत्या. तिला वाजंत्री नको होती. आपल्या दारात आपल्या पोराला पाच बायांनी ओवाळावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि तेवढंही जमेलसं दिसत नव्हतं.

शेलूबाजारला एसटीतून उतरलो. एका हॉटेलच्या मागच्या खोलीत वर्दी चढवली. हॉटेलवाला न मागता आरसा धरून उभा राहिला आणि टोपी जरा तिरपी झाली तर मलाच सांगू लागला.

तिथल्या जीपगाड्यांची रीत सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. मागे लटकायला जागा असेल तोवर त्याच्या लेखी गाडी रिकामीच. पण त्या दिवशी माझी ट्रंक पाहून ड्रायव्हर खाली उतरला.

"फौजी, सुट्टीवर आले का?"

"नाही. कायमचा आलो."

त्यानं ट्रंक स्वतः टपावर बांधली, मला पुढची खिडकीची जागा दिली आणि "आज गाडी भराची वाट पाहत नाही" म्हणून निघालासुद्धा. मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. आता मी शेतीच्या कामाला शेलूबाजारला जातो तेव्हा हाच ड्रायव्हर मला इतरांसारखा मागे कोंबतो, तो भाग निराळा.

पुढचा सगळा घोळ झाला तो त्याच्या या चांगुलपणामुळे.

वाटेत एका मोठ्या गावाच्या फाट्यावर गर्दी उभी होती. सजवलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीवर झेंडूच्या माळा, डीजेचे डबे आणि एका फौजीचा भलामोठा फ्लेक्स. जीप उतारू उतरवायला थांबली. कुणीतरी खिडकीत डोकावलं, "आले रे!" म्हणून ओरडलं आणि पुढच्या क्षणी मी पोरांच्या खांद्यावर होतो.

मी ओरडून सांगत होतो की बाबांनो, मी तो नव्हे. पण डीजेपुढे माझा आवाज मलाही ऐकू येईना. छातीवरची नावाची पट्टी दाखवावी तर ती हारांखाली गडप झालेली. फ्लेक्सवर टोपी आणि मिशी एवढंच ठळक दिसत होतं, आणि दोन्ही माझ्यापाशी होत्या. मिरवणूक काढणारी पोरं शाळाकॉलेजातली. त्यांच्या गावचा फौजी त्यांनी वर्षातून एकदा, तोही लुंगीवर पाहिलेला. माझी ट्रंक ट्रॉलीत चढली, म्हणजे परतीची वाटच बंद झाली. अनोळखी बाया गच्चीवरून फुलं टाकत होत्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. पण ऊन उतरत चाललं होतं आणि आई दारात उभी असणार हे डोक्यातून जात नव्हतं.

एका घरापुढे मिरवणूक थांबली. दारात नवं लुगडं नेसलेली बाई, डोक्यावर पदर, खाली मान. बाजूला ताटं घेतलेल्या चौघी. तिनं माझ्या पायावर पाणी घालायला तांब्या वाकवला आणि थांबली.

"हे पाय आमच्या घरच्याईचे नाहीत," ती म्हणाली. मग वर पाहिलं. "अगा बाप्पा! हे कोन आनलं रे तुमी?"

डीजे बंद पडला. एक पोरगा चाचरत म्हणाला, "टोपी तं तीच हाये ना, वहिनी."

एवढ्यात तिचा फोन वाजला. तिचा नवरा शेलूबाजारलाच अडकला होता. साधे कपडे, गळ्यात मफलर, वर्दी बॅगेत. त्याला फौजी म्हणून कुणी ओळखलंच नाही, आणि त्याची जीप काही भरेना. फोनवरचं त्याचं हसणं आम्हां सगळ्यांना ऐकू आलं.

"भाऊ, तुमी कुठचे?" तिनं विचारलं.

मी वस्तीचं नाव सांगितलं. आई वाट पाहत असेल, म्हणालो. सगळी माणसं कारखान्यावर, ओवाळायला कुणी नाही, हेही बोलून गेलो. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग फोनमध्ये म्हणाली, "आवं, तुमी घरी येऊ नका. वस्तीवर या. आमी तथीच चाललो."

आणि ताटातला दिवा पदराआड धरून ती ट्रॉलीत चढली. मागून त्या चौघी. हार घातलेला मी, पाच बाया आणि मान खाली घातलेली पोरं, अशी आमची वरात निघाली.

सूर्य टेकला होता तेव्हा आम्ही वस्तीत शिरलो. आई दारातच होती. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, ओट्यावर फडक्यानं झाकलेलं ताट. ते धरायला कुणी नाही हे ठाऊक असून तिनं सगळं मांडून ठेवलं होतं. ट्रॉलीभर बाया पाहून ती घाबरली.

"काय झालं? कोन हाये?"

"माय, पाच जनी आनल्या," ती बाई म्हणाली. "मोजून घे."

पाचही जणींनी मला ओवाळलं. आई चौकटीला धरून आत उभी राहून पाहत होती. मी पुढे बोलावलं तर म्हणाली, "पाहून राह्यली ना. झालं माहं." तिच्या तोंडावर हसू होतं आणि ते खरं होतं. मी मनात म्हटलं, चला, मिळालं हिला हवं ते.

तेवढ्यात जीप आली आणि खरा फौजी उतरला, मफलर आणि स्वेटरमध्ये. आम्ही एकमेकांना सलाम ठोकला आणि दोघंही हसू लागलो. त्याची बायको मात्र त्याच्याकडे गेली नाही. तिनं ओट्यावरचं आईचं ताट उचललं, फडकं काढलं, आपल्या दिव्यावर त्यातला दिवा लावला आणि ताट आईपुढे धरलं.

"माय, आमच्या घरच्याईले पयले तू ओवाळ. त्याईची माय नाही राह्यली."

आई मागे सरकली. "मले चालत नाही, बाई."

"तुह्या लेकापुढं आमचं अख्खं गाव नाचलं, ते चाललं. आता कायले नाही म्हनते?"

त्या फौजीनं मफलर सोडला, टोपी नव्हती तरी केस नीट केले आणि आईपुढे मान वाकवली. आता परक्या लेकराला नाही कसं म्हणणार? तिनं ताट घेतलं. घेतलं खरं, पण ओवाळायचं कोणत्या बाजूनं तेच विसरली, आणि त्या बाईनं तिच्या कोपराला धरून सुरुवात करून दिली.

मग आई माझ्याकडे वळली. माझं कपाळ पाच जणींच्या कुंकवानं माखलेलं, बोट टेकवायला जागा नव्हती. तिनं पदराच्या टोकानं मधोमध थोडं पुसून घेतलं आणि तिथं आपलं कुंकू लावलं.