रानरेड्यामागे जाणाऱ्याचा आय रिपोर्ट

ठिपक्यांच्या पुस्तकाचं चौथं पान उघडलं तरी हरेश पाटील पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन नुसता बघत होता. या पुस्तकात रंगीत ठिपक्यांमध्ये आकडा लपवलेला असतो. लाल-हिरव्यातला फरक कळणाऱ्याला तो पटकन दिसतो.

"आकडा हाय कुठं, मॅडम?" त्याने विचारलं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. मीरा रोडला माझं छोटं क्लिनिक आहे. हरेश नवघरचा, पस्तिशीचा. आफ्रिकेतल्या एका शिकारी कॅम्पवर सहा वर्षं जीप चालवत होता. तिथे परवाना काढून शिकार करता येते, पण पाहुण्यासोबत लायसन्सवाला गाइड लागतो. मालक हरेशला त्याच ट्रेनिंगला पाठवणार होता. फॉर्मसोबत आय रिपोर्ट हवा होता.

"गाइडला लाल रंग कशाला लागतो?" मला राहवेना.

"पाहुण्याची गोळी भलतीकडं लागली तर जनावर जखमी होऊन पळतं. रगताच्या थेंबांवरून मागं जायचं. रानरेडा तर झुडपात दबा धरून उभा ऱ्हातो."

"आणि रंगांचं हे तुम्हाला आजवर कळलंच नाही?"

तो ओशाळून हसला. "आजा मिठागरात म्हणायचा, पानी लाल झालं, आता मीठ धरंल. मना ते लाल कधी दिसलं न्हाय. वाटायचं, म्हातारा थापा मारतोय."

आता मलाच स्वस्थ बसवेना. समोरच्या ज्यूसवाल्याकडून बीटचा रस आणला आणि सोसायटीच्या बागेत जास्वंदीच्या पानांवर थेंब टाकले. वॉचमन बघतच राहिला. हरेश वाकला, पानांवर उजेड कसा पडतोय ते पाहिलं आणि चकाकीवरून सगळे थेंब शोधून काढले. त्याच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. दोन तासांनी थेंब वाळले. या वेळी तो एकेका थेंबाजवळून तसाच पुढे गेला.

"ओले दिसतात ना, मॅडम? मग नॉर्मल लिहा ना. सहा वर्षं वाट बघितलीय."

"नाही लिहिणार," मी रागावूनच म्हटलं. लिहिलं ते एवढंच: लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, ओला थेंब चकाकीने ओळखतो, वाळलेला ओळखत नाही. तो रिपोर्टची घडी खिशात घालून निघून गेला. एका माणसाची संधी मी घालवली, हे पुढे कितीतरी दिवस डाचत राहिलं.

दोन वर्षांनी हरेश पेढे घेऊन आला. लायसन्स मिळालं होतं.

"रिपोर्ट असूनही घेतलं?"

"इन्स्ट्रक्टरने वाचला. बोलला, तू जमिनीकडं बघूच नको. ट्रॅकर माग काढील, तू रायफल घेऊन समोर बघ." ट्रॅकर म्हणजे पावलं आणि रक्त वाचणारा तिथला माणूस.

फायनल परीक्षेत रेडा खरंच जखमी होऊन झुडपात शिरला. ट्रॅकर मान खाली घालून वाळलेलं रक्त शोधत पुढे चालला होता. हरेश समोर बघत होता. वीस पावलांवर पानांत एक कान हलला. त्याने ट्रॅकरला कॉलर धरून मागे ओढलं आणि गोळी झाडली.

"आणि मी नॉर्मल लिहिलं असतं तर?"

"तर मी पन खाली वाकून थेंबच शोधत ऱ्हायलो असतो. कोनाला कळू नये म्हणून."

अजूनही क्रेनवाले, बसवाले येतात, "जरा नॉर्मल लिहा ना" म्हणतात. मी वाद घालत नाही. आहे तसा रिपोर्ट लिहिते आणि सांगते, साहेबांच्या आधी हा तुमच्यासोबत काम करणाऱ्या जोडीदाराला दाखवा, तुम्हाला दिसत नाही ते तो बघेल.