निम्मं उत्तर

सोसायटीत मी फिजिक्सची प्रोफेसर म्हणून ओळखली जाते, त्यामुळे लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरी माझ्याकडे येतात. मला साधा फ्यूज बदलता येत नाही. आयुष्यभर मी एकाच प्रश्नाच्या मागे होते: काच घट्ट का असते? तिचे रेणू पाण्यासारखेच अस्ताव्यस्त असतात, तरी ती वाहत नाही. हे कोणाला सांगितलं की समोरचा म्हणतो, "बरं, मग?" शेवटी मी सांगणंच सोडून दिलं.

ज्याला हे सांगावं लागत नसे असा एकच माणूस होता, ठाकुर्लीला राहणारा माझा सहकारी. आमची पद्धत ठरलेली होती. एकच गणित दोघांनी आपापल्या घरी, एकमेकांचे कागद न बघता करायचं. रविवारी सकाळी मी ठाण्याहून त्याच्या घरी जायचे आणि आम्ही उत्तरं समोरासमोर ठेवायचो. जुळली नाहीत तर कोण चुकलं ते भांडून शोधायचं. आमच्या कामाला प्रयोगशाळा नसते. चूक पकडायला दुसरा माणूस, एवढंच काय ते साधन.

एका रविवारी नळाला पाणी आलं आणि तो कागद टेबलावर टाकून पिंप भरायला आत गेला. मी बघितलं. माझं उत्तर त्याच्या उत्तराच्या अगदी निम्मं होतं. तो सहसा चुकत नसे आणि मी चुकायचे, म्हणून मी पेन काढून माझं उत्तर दुप्पट करून ठेवलं. तो हात पुसत बाहेर आला. "जुळलं," मी म्हणाले. पुढे दोघांच्या नावाने तो पेपर छापूनही आला.

त्याला जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात करमत नव्हतं म्हणून ते जुनं गणित मी पुन्हा मांडलं. उत्तर निम्मं आलं. परत केलं, तरी निम्मंच. म्हणजे तेव्हा मी बरोबर होते. इतक्या वर्षांत ही चूक जगात कोणालाच दिसली नाही, कारण तो पेपर कोणी नीट वाचलाच नसणार. मला ताबडतोब फोन करायचा होता आणि ज्याला करायचा तोच नव्हता. त्याला स्मशानात पोचवून आले त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

दुरुस्ती छापायची तर चूक त्याच्या नावावर लागणार. वहिनींना न विचारता ते करणं मला बरं वाटेना, म्हणून मी ठाकुर्लीला गेले.

त्या उसळीसाठी वालाच्या डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. मीही परातीत हात घातला आणि त्या रविवारचं सगळं सांगून टाकलं, पेन काढल्याचंसुद्धा.

"पूल-बिल नाही ना पडला कुठला?" त्यांनी विचारलं.

"नाही. कोणाचं काहीच बिघडलं नाही."

"मग छापा की. ह्यांना आवडलंच असतं." त्यांनी सालं एका बाजूला सारली. "तुम्ही येणार म्हटलं की हे शनिवारपासून खुशीत असायचे. पण नंतर नंतर तुम्ही गेलात की गप्प होऊन बसायचे. एकदा मी विचारलं, जुळलं ना, मग तोंड का पाडलंय? म्हणाले, तिचं हल्ली नेहमीच जुळतं गं. आधी किती भांडायचो आम्ही. आता एकट्यानंच गणित केल्यासारखं वाटतं."

माझ्या हातातला वाल सोलायचा राहून गेला. मी वहिनींना एकाच रविवारचं सांगितलं होतं. तसे रविवार पुष्कळ होते.