सिमेंटवर सागवान

माझ्या कथकच्या वर्गातल्या मुलींच्या नडग्या दुखायला लागल्या, तेव्हा दोष त्यांच्या पायांचा नसून कडक जमिनीचा आहे, हे मी ओळखलं होतं. भाड्याच्या हॉलमध्ये मला काही करता येत नव्हतं. पण काळेवाडीतल्या आमच्या घराच्या तळमजल्यावरचं झेरॉक्सचं दुकान रिकामं झालं, आणि मी ठरवून टाकलं, इथल्या सिमेंटवर सागवानाच्या फळ्या बसवायच्या.

"सिमेंटवर कुणी लाकूड टाकतं का?" पप्पा म्हणाले. ते आकुर्डीला कंपनीत मशीन शॉपमध्ये होते. निवृत्त झाल्यापासून घरातलं कुठलंही काम त्यांच्या तपासणीशिवाय पुढे सरकत नाही.

"माझ्या गुरूंच्या हॉलमध्ये आहे," मी म्हटलं. "या वयातही त्या तिथे उभ्याने शिकवतात."

सुतार मूळचे लातूरकडचे, हात चांगला. फळ्यांचा टेम्पो आला त्याच दिवशी ते काम धरणार होते. मी त्यांना थांबवलं. लाकडाला आधी या खोलीतल्या हवेची सवय व्हायला हवी होती. शिवाय मी जमिनीवर ठिकठिकाणी प्लास्टिकचे तुकडे चारी कडांना टेप लावून चिकटवले.

"हे कशाला, ताई?"

"खाली ओल असेल तर दिसेल."

दुसऱ्या दिवशी बाकीचे तुकडे कोरडे होते, पण मागच्या भिंतीजवळच्या प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब धरले होते. वरच्या बाथरूमचा पाइप त्याच भिंतीतून उतरतो. पप्पांनी लगेच प्लंबरला बोलावलं. भिंत फोडली, तर पाइपचा सांधा झिरपत होता. पप्पांनी समोर उभं राहून तो बदलून घेतला. भाड्याचा हॉल सोडलेला होता, म्हणून जमीन वाळेपर्यंत मी वर्ग गच्चीवर नेला. पालक विचारायचे, हॉल कधी होणार? मी सांगायचे, वाळल्यावर. घाईत बसवलेलं लाकूड पुढे फुगून वर आलं असतं, आणि ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

पुन्हा लावलेलं प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हा काम सुरू झालं. आधी ओल अडवणारा जाड कागद, त्यावर पायाखाली लवचीकपणा यावा म्हणून रबराच्या तुकड्यांवर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आणि सांगाड्यावर फळ्या. एकीची कड दुसरीच्या खाचेत बसत गेली. भिंतीलगत चारी बाजूंनी बोटभर फट सोडायची, असं मी सांगून ठेवलं होतं.

गच्चीवरचा वर्ग संपवून खाली आले, तर शेवटची ओळ भिंतीला घट्ट भिडलेली.

"काकांनी सांगितलं," सुतार म्हणाले.

"ही ओळ काढा," मी म्हटलं.

पप्पांचा चेहरा उतरला. "एवढी फट? आमच्याकडे असा जॉब रिजेक्ट झाला असता."

"पप्पा, तुमच्याकडे लोखंड होतं. हे लाकूड पावसाळ्यात पसरणार. जागा नसेल तर मधोमध उचलेल. फटीवर पट्टी येणार आहे, दिसायचीसुद्धा नाही."

"काका, पावसाळ्यात दार कसं अडकतं," सुतार म्हणाले, "तसंच हे."

मग पप्पांनीच हातोडा घेतला, खाली बसले आणि लाकडाला ओरखडा न पडू देता फळी सोडवायला लागले. कडेची फळी तासून सुतारांनी ती पुन्हा बसवली. फट सगळीकडे सारखी आली की नाही, हे मात्र पप्पांनी स्वतः फिरून पाहिलं.

हॉल सुरू झाला त्या सकाळी पप्पांनी बुद्धवंदना घेतली. मग मुलींनी पायांनी तत्कार धरला. गच्चीवर पायांचा नुसता फटफट आवाज यायचा. इथे तो भरदार झाला, आणि लय चुकली की लगेच कळायला लागलं.

आई दारात उभी होती. चाकणच्या एका कंपनीत तिने वर्षानुवर्षं सिमेंटवर उभं राहून गाड्यांच्या वायरी बांधल्या. मुली गेल्यावर ती आत आली. अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, पुन्हा परत आली.

"बायकांची नवीन बॅच घेणारेस का?" तिने विचारलं.

"घेईन. कोण आहे?"

"मी आहे," ती म्हणाली. "आणि शेजारच्या वहिनी."

बॅच पुढच्याच आठवड्यात सुरू केली. आई दुसऱ्या रांगेत उभी राहते. तोच तुकडा तीनदा घ्यायच्या तिहाईत तिची सम चुकते, पण ती थांबत नाही.